शस्त्रं शोधणाऱ्यांवरचा माहितीपट : दाखवावा की नको?

गोदातीर (धागाकर्ता)

आमचा दहा-पंधरा जणांचा गट आहे. गंगापूर रोडला एका ओळखीच्यांच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा जमायचं, एखादा माहितीपट बघायचा आणि मग चहा संपेपर्यंत भांडायचं, एवढाच कार्यक्रम. यावेळी मी 'इन शिफ्टिंग सॅन्ड्स' सुचवला. २००१ चा, साधारण दीड तासाचा माहितीपट आहे, विषय इराकमधली शस्त्रतपासणी. सुचवला मात्र, आणि ग्रुपवर दोन तट पडले. तिथे हमरीतुमरी नको म्हणून इथे धागा काढतोय, जाणकारांनी लिहावं.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आखाती युद्ध संपल्यावर ३ एप्रिल १९९१ ला सुरक्षा परिषदेने ६८७ क्रमांकाचा ठराव केला. इराकने आपली रासायनिक आणि जैविक शस्त्रं, शिवाय १५० किलोमीटरपेक्षा लांब जाणारी क्षेपणास्त्रं जाहीर करायची आणि संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली नष्ट करायची. त्यासाठी 'अनस्कॉम' नावाचं पथक नेमलं गेलं. अण्वस्त्रांचं काम व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे, म्हणजे आयएईएकडे गेलं. हे पूर्ण झाल्याशिवाय इराकवरचे आर्थिक निर्बंध उठणार नव्हते.

माहितीपटाचा दिग्दर्शक स्कॉट रिटर हा काही सिनेमावाला नाही. अमेरिकी मरीन कोअरचा माजी गुप्तवार्ता अधिकारी, १९९१ पासून ऑगस्ट १९९८ मध्ये राजीनामा देईपर्यंत अनस्कॉममध्ये निरीक्षक. त्याचं म्हणणं असं की इराकचं निःशस्त्रीकरण मुळात झालेलं होतं आणि तपासणीचा वापर अमेरिकेने हेरगिरीसाठी करून घेतला. हे सगळं २००१ मध्ये, दुसरं युद्ध व्हायच्या दोन वर्षं आधी.

आक्षेप काय, तर पैसा. माहितीपटासाठी डेट्रॉइटकडच्या एका इराकी-अमेरिकी व्यावसायिकाने चार लाख डॉलर दिले होते. बगदादशी त्याचे चांगले संबंध होते. रिटरने ही गोष्ट मान्यही केली होती. ग्रुपमधल्या काहींचं म्हणणं, असला पेड माल आपण कशाला दाखवायचा.

माझं मत दाखवावा असं आहे. का, ते खाली चर्चेत लिहीनच.

---

सिडकोवाला

पेड म्हणजे पेडच. उद्या एखाद्या साखर कारखान्याने पैसे देऊन 'आमची मळी किती स्वच्छ' असा सिनेमा काढला तर तुम्ही तो बघून चर्चा करणार का? नाही ना. मग हा का?

दुसरं, चित्रीकरणासाठी हा गडी २००० साली बगदादला गेला, तो सद्दाम सरकारच्या परवानगीने. सद्दामच्या राज्यात कॅमेरा कुठे न्यायचा आणि कुठे नाही, हे रिटर ठरवत होता असं म्हणायचंय का तुम्हाला?

---

भटक्या_मालेगावचा

जागा पकडून ठेवतो. पॉपकॉर्न कोण आणतंय?

---

अपर्णा_पंचवटी

मी तेव्हा पाळण्यात होते त्यामुळे अगदी बाळबोध प्रश्न. शेवटी इराककडे काही सापडलं की नाही? आम्हाला शाळेत 'सापडलं नाही' एवढंच कळलं होतं. मग तपासणी यशस्वी झाली की फसली?

---

रेणुका_ना

अपर्णा, प्रश्न बाळबोध नाही गं, अख्खा विषय तोच आहे. सापडलं, भरपूर सापडलं. फक्त १९९१ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सापडलं. २००३ साली जे शोधायला सैन्य गेलं ते सापडलं नाही.

पहिल्या वर्षातल्या दोन घटना सांगते. माहितीपट बघा न बघा, या माहीत हव्यात.

जून १९९१. फालुजाजवळ एका लष्करी तळावर निरीक्षक डेव्हिड के यांचं पथक पोचलं. त्यांना फाटकावर अडवून ठेवलं आणि मागच्या बाजूने ट्रकमागून ट्रक बाहेर पडायला लागले. पथकातल्या काहींनी गाड्या त्या ट्रकांमागे घातल्या आणि फोटो काढले. इराकी सैनिकांनी हवेत गोळ्या झाडल्या. ट्रकवर होते कॅलुट्रॉन, म्हणजे युरेनियम समृद्ध करण्यासाठी लागणारे प्रचंड विद्युतचुंबक. महायुद्धानंतर अमेरिकेनेसुद्धा ही पद्धत मागे टाकली होती, त्यामुळे कोणी ती वापरत असेल असं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

दुसरी सप्टेंबर १९९१ ची. त्याच डेव्हिड के यांचं ४४ जणांचं पथक बगदादमधल्या एका इमारतीत शिरलं आणि त्यांना अणुकार्यक्रमाची कागदपत्रंच मिळाली. इराक्यांनी सांगितलं, कागद ठेवा आणि जा. हे म्हणाले, कागद घेऊनच जाणार. झालं, इमारतीच्या वाहनतळावर चार दिवस घेराव. बसमध्ये झोपायचं, उन्हात बसायचं. जवळ उपग्रह फोन होता, त्यावरून ते थेट जगभरच्या वृत्तवाहिन्यांना मुलाखती देत होते. शेवटी इराकने माघार घेतली. चार दिवस ते कागद पथकाने हातचे सोडले नाहीत.

तेव्हा 'काही नव्हतंच, सगळा अमेरिकेचा कांगावा' असं म्हणणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं.

---

देवळालीकर

रेणुकाताईंना अनुमोदन. मी सैन्यात होतो, तोफखान्यात. रासायनिक हल्ल्याचं प्रशिक्षण आम्हालाही असायचं, मुखवटा किती सेकंदांत चढवायचा वगैरे. त्यामुळे इराण-इराक युद्धाच्या बातम्या आम्ही वेगळ्या नजरेने वाचायचो.

१६ मार्च १९८८, हलबजा. स्वतःच्याच देशातल्या कुर्द गावावर विषारी वायू टाकला, सुमारे पाच हजार माणसं मेली. त्याआधी १९८४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी तज्ज्ञांचं पथक इराणमध्ये पाठवलं होतं आणि त्यांनी मस्टर्ड आणि टॅबून ही रासायनिक शस्त्रं वापरल्याचं नमुन्यांवरून सिद्ध केलं होतं. सिद्ध करून काय झालं? युद्ध अजून चार वर्षं चाललं आणि वायूही चालू राहिला.

माझा मुद्दा इतकाच की तपासणी हे अर्धं काम. निरीक्षकाचा अहवाल ज्यांच्या टेबलावर जातो त्यांना तो हवाय की नको, यावर पुढचं सगळं. १९८४ मध्ये 'आहे' म्हणणारा अहवाल कुणाला नको होता, २००३ मध्ये 'दिसत नाही' म्हणणारा नको होता.

---

सिडकोवाला

काका, हे वाक्य टाळ्या घेणारं आहे पण माहितीपटाच्या पैशांचं काय? तो विषय सगळ्यांनी अलगद बाजूला ठेवलाय.

आणि हा रिटर. १९९८ साली राजीनामा दिल्यावर अमेरिकी सिनेटपुढे यानेच सांगितलं होतं की तपासणी थांबली तर इराक सहा महिन्यांत पुन्हा शस्त्रं उभी करेल. त्यावेळी याची तक्रार काय होती, तर अमेरिका पुरेशी कडक वागत नाही. तीन वर्षांत माणूस एकशे ऐंशी अंशांत फिरला आणि मध्ये चार लाख डॉलर. गणित अवघड आहे का?

---

गोदातीर

सिडकोवाला, पैशाचा विषय मी धाग्यातच लिहिलाय, लपवलेला नाही. आता माझं मत.

रिटर फिरला, हे मान्य करूनच सिनेमा बघायचा. त्याचं स्वतःचं स्पष्टीकरण असं की साठा आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी. कारखाने मोडले, यंत्रं कापली, शास्त्रज्ञांवर देखरेख बसली, तर कुठेतरी चार बॉम्ब पडून राहिले असले तरी तो देश शस्त्रसज्ज म्हणता येत नाही. याच अर्थाचा लेख त्याने जून २००० मध्ये लिहिला होता. १९९८ मध्ये तो 'पुन्हा उभी करतील' म्हणत होता, ती क्षमतेबद्दलची भीती होती. दोन्ही विधानं एकमेकांत बसवता येतात. पण ओढूनताणून, हेही खरं. सूर बदलला होता, यात शंका नाही.

गंमत बघा. जानेवारी १९९८ मध्ये याच माणसाला सीआयएचा हेर म्हणून इराकने अडवलं होतं. त्याच्या पथकाला काम करू दिलं नाही आणि जगभर गदारोळ झाला. अडीच वर्षांनी तोच बगदादमध्ये कॅमेरा घेऊन. म्हणून मला हा माहितीपट दाखवायचाय. यात खरं सांगणारा एक आणि खोटं सांगणारा दुसरा अशी सोय नाहीये.

आणि त्याचं मुख्य विधान पुढे खरं निघालं. पैसे कोणी दिले यावरून ते खोटं ठरलं नाही.

---

सिडकोवाला

बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं.

---

रेणुका_ना

सिडकोवाला, ते घड्याळ तुमचंही असू शकतं :)

'साठा शिल्लक आहे का' हा प्रश्न एवढा का चिघळला, ते जरा सविस्तर लिहिते. बहुतेक ठिकाणी हा भाग दोन ओळींत उरकतात आणि तिथेच सगळं बिघडलंय.

१९९१ च्या उन्हाळ्यात इराकने एक विचित्र गोष्ट केली. निरीक्षकांना थोडासा माल दाखवायचा आणि उरलेला गुपचूप आपणच नष्ट करून टाकायचा, असं ठरवलं. क्षेपणास्त्रं फोडली, बॉम्ब वाळवंटात खड्डे करून पुरले. निरीक्षक समोर नाहीत, धड नोंदी नाहीत. मार्च १९९२ मध्ये स्वतःच सांगितलं की अहो, आम्ही ते आधीच संपवलंय.

आता निरीक्षकाने काय करायचं? त्याच्या हातात एका बाजूला आयातीचे आकडे, दुसऱ्या बाजूला खड्डा. मग सुरू झालं उकरणं. लोखंडाचे तुकडे जुळवायचे, इंजिनांवरचे क्रमांक वाचायचे, मूळ पुरवठादार सोव्हिएत युनियनच्या यादीशी ताडून बघायचे. या पद्धतीने आयात केलेल्या ८१९ स्कड क्षेपणास्त्रांपैकी ८१७ चा हिशेब अनस्कॉमने लावला. खड्ड्यातल्या भंगारावरून! मला हे काम कुठल्याही हेरकथेपेक्षा थरारक वाटतं.

पण द्रवाचं काय करणार? जमिनीत ओतलेलं अँथ्रॅक्स (जीवघेण्या रोगाचे जंतू) किती लिटर होतं हे दहा वर्षांनी कसं मोजायचं? इराकने कबूल केलं होतं ८,५०० लिटर बनवल्याचं, ते नष्ट केल्याचा पक्का पुरावा नाही. रासायनिक बॉम्बचंही तसंच. हवाई दलाच्या एका दस्तऐवजात १९८३ ते १९८८ मध्ये १३,००० बॉम्ब टाकल्याची नोंद, इराकचा जाहीर आकडा १९,५००. फरक ६,५०० बॉम्बचा, ते गेले कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या नव्या तपासणी पथकाचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी २७ जानेवारी २००३ ला सुरक्षा परिषदेत हेच मांडलं : हिशेब लागत नाही. 'बॉम्ब आहेत' असं ते म्हणाले नव्हते. वॉशिंग्टनमध्ये मात्र ते तसंच ऐकलं गेलं.

---

नाशिकरोडकर

एरवी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही.

२०२१ ची ती बातमी आठवतेय का? आमच्या इथल्या नोटांच्या छापखान्यातून पाच लाखांच्या नोटा गायब म्हणून पोलिसात तक्रार झाली होती. चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत एकच विषय, कोणी नेल्या, कशा नेल्या. इतक्या बंदोबस्तातून नोट बाहेर जातेच कशी! आणि निघालं काय, तर नोटा कुठेच गेल्या नव्हत्या. खराब मालाबरोबर चुकून नष्ट झाल्या होत्या. तोवर सगळ्या गावाने मनातल्या मनात चोर ठरवून टाकला होता.

रेणुकाताईंचा प्रतिसाद वाचताना तेच डोळ्यासमोर आलं. माल नष्ट झाला आणि रजिस्टरात उतरला नाही, की बाहेरच्याच्या लेखी तो चोरीलाच गेलेला असतो.

---

रेणुका_ना

नाशिकरोडकर, अगदी! फक्त इथे एक भर. इराकने ते चुकून केलं नव्हतं आणि त्याआधी-नंतर खोटंही भरपूर बोलले होते. त्यामुळे 'नष्ट केलं' हे खरं सांगितलं तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही.

---

ओझरकर

विमानाच्या दुरुस्तीत आयुष्य गेलं. सुट्या भागाचा कागद नसेल तर तो भाग नाही, इतकं सोपं असतं. कागद आहे आणि भाग नाही, तर मग कुणाचंही काही खरं नाही.

जैविक शस्त्रांचं प्रकरणही कुणीतरी लिहा. ते पूर्ण कागदावरच पकडलं होतं ना?

---

रेणुका_ना

हो, आणि ते माझं सगळ्यात आवडतं.

इराक १९९५ पर्यंत म्हणत होता की आम्ही जैविक शस्त्रं बनवलीच नाहीत. निरीक्षकांना एकही बॉम्ब दिसलेला नव्हता. मग त्यांनी विकणाऱ्यांकडे चौकशी सुरू केली. जंतू वाढवायला जे खाद्य लागतं, कल्चर मीडिया, ते परदेशी कंपन्यांनी इराकला किती विकलं? बिलं जमली. १९८८ मध्ये सुमारे ३९ टन. दवाखान्यात घशाचा नमुना तपासायला चिमूटभर लागणारी ही पावडर, देशभरातल्या सगळ्या दवाखान्यांना मिळूनही टनांनी लागत नाही. हे कशासाठी आणलंत? उत्तरं फिरायला लागली. १ जुलै १९९५ ला इराकने कबूल केलं की हो, कार्यक्रम होता.

पुढच्याच महिन्यात सद्दामचा जावई हुसेन कामेल जॉर्डनला पळाला. तो काय काय सांगेल या धास्तीने इराकी सरकारने निरीक्षकांना त्याच्या कोंबड्यांच्या फार्मवर नेलं आणि तिथे पेट्याच्या पेट्या कागदपत्रं! म्हणे जावयानेच लपवली होती, आम्हाला बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं. अल हकम नावाचा कारखाना, जो जनावरांच्या खाद्याचा म्हणून दाखवला जायचा, तो १९९६ मध्ये निरीक्षकांच्या देखरेखीखाली उडवून देण्यात आला.

---

भटक्या_मालेगावचा

कोंबड्यांच्या फार्मवर अणुबॉम्बची फाईल. आमच्याकडे घरपट्टीची पावती सापडत नाही भो.

---

ग्लासलाइन्ड

विषय माझ्या जिव्हाळ्याचा. मी रसायन कारखान्यात उत्पादन विभागात होतो, गुजरातच्या हद्दीत. आता निवृत्त, पाथर्डी फाट्याला असतो. बरेच जण समजतात की शस्त्रतपासणी म्हणजे इराक, सीरिया, इराण. अहो, आपल्याकडेही येतात की निरीक्षक, दरवर्षी. मी स्वतः एका तपासणीत होतो.

रासायनिक शस्त्रबंदी करार २९ एप्रिल १९९७ पासून लागू आहे. त्याची संस्था हेगला, ओपीसीडब्ल्यू. २०१३ चं शांततेचं नोबेल यांनाच. भारत पहिल्यापासून सदस्य. आपल्याकडेही मस्टर्डचा साठा आहे असं भारताने १९९७ मध्ये जाहीर केलं तेव्हा अनेकांना धक्का बसला होता. हजार टनांवर होता, २००९ पर्यंत सगळा नष्ट केला.

पण साठे संपले तरी कारखाने राहतातच. फॉस्जीन प्लास्टिकसाठी लागतं, फॉस्फरस ट्रायक्लोराईड कीटकनाशकांसाठी लागतं, आणि दोन्हींचा दुसरा उपयोग, शस्त्रांसाठीचा, सगळ्यांना माहितेय. म्हणून ठरावीक मर्यादेच्या वर असली रसायनं बनवणाऱ्याने दरवर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय प्राधिकरणाकडे आकडे भरायचे, ते हेगला जातात आणि हेगवाले त्यातून कारखाने निवडतात.

आमचा कारखाना निवडला गेला. नियमाप्रमाणे १२० तास आधी सूचना. म्हणजे पाच दिवस. मॅनेजमेंटची जी तारांबळ उडाली! रंगरंगोटी, नवीन पाट्या, गेटवर कुंड्या. मी साहेबांना म्हटलं, साहेब, ते कुंड्या बघायला येत नाहीयेत.

मोजकीच माणसं आली, वेगवेगळ्या देशांची, सोबत दिल्लीचे अधिकारी. आधी आम्ही कारखान्याची माहिती द्यायची. मग ते फिरले. त्यांना तयार मालात फार रस नव्हताच. रिॲक्टर (ज्यात रसायनं बनतात ते भांडं) कुठल्या धातूचा, काच अस्तराचा आहे तर का, या पंपाला दुहेरी सील कशाला, या खोलीत हवा ओढणारी यंत्रणा एवढी मोठी का. म्हणजे यंत्र जेवढ्या विषारी मालासाठी बांधलंय तेवढा विषारी माल तुम्ही कागदावर दाखवलाय का, एवढंच ते बघत होते. एक बाई तर एका बंद केलेल्या पाइपपाशी बराच वेळ उभी. पुढे कुठे जायचा हा? जुन्या ड्रॉइंगमध्ये दाखवून समाधान केलं तेव्हा पुढे सरकली. मग बॅच कार्डं, लॉगबुकं, गोदामाचं रजिस्टर, विजेचं बिलसुद्धा. आमच्या प्रकारच्या कारखान्यासाठी त्यांना कमाल २४ तास मिळतात, त्यात उरकून, प्राथमिक निष्कर्षांवर सह्या करून गेले. जेवण साधं घेतलं, मिठाईचा डबा परत केला.

आणि सह्या होईपर्यंत माझ्या पोटात गोळा. लपवण्यासारखं काही नव्हतं, तरीही. इराकी शास्त्रज्ञांचं काय होत असेल याची कल्पना तेव्हा आली.

---

अपर्णा_पंचवटी

वा काका! हे कुठे वाचायला मिळालं नसतं. पण समजा एखाद्या देशाने कारखानाच जाहीर केला नाही तर? जे यादीत नाही तिथे निरीक्षक जाणार कसा?

---

ग्लासलाइन्ड

त्यासाठी करारात तरतूद आहे, आव्हान तपासणीची. एखाद्या सदस्य देशाला दुसऱ्याचा संशय आला तर तो मागणी करू शकतो आणि समोरच्याला सरळ नकार देता येत नाही. कागदावर जबरदस्त हत्यार. आजवर एकदाही वापरलेलं नाही. मागणी केली आणि काही निघालं नाही तर तोंडघशी पडायची भीती, शिवाय उद्या तो आपल्यावर उलटवेल ही दुसरी भीती.

आणि जैविक शस्त्रांच्या करारात तर तपासणीच नाही. १९७५ पासून लागू आहे, पण कोणी कुणाचं काही तपासत नाही. २००१ मध्ये तशी व्यवस्था करायची बोलणी शेवटच्या टप्प्यात असताना अमेरिकेने अंग काढून घेतलं.

---

ओझरकर

नमुने कोण तपासतं? तपासणाराच बदमाश निघाला तर?

---

ग्लासलाइन्ड

चांगला प्रश्न. बाहेर तपासायचा नमुना सीलबंद होतो, भाग पाडले जातात आणि कमीत कमी दोन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना जातात, वेगवेगळ्या देशांतल्या. सोबत काही कोरे आणि काही मुद्दाम मिसळ केलेले नमुनेही असतात, त्यामुळे प्रयोगशाळेला कळत नाही खरा कुठला. ग्वाल्हेरच्या आपल्या डीआरडीई या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेलाही ही मान्यता मिळाली होती. ती मिळवायला आणि टिकवायला दरवर्षी परीक्षा असते, गुण कमी पडले की मान्यता स्थगित.

---

देवळालीकर

हे वाचून बरं वाटलं. पण माणूस बदलता येतो ना! ओपीसीडब्ल्यूचे पहिले महासंचालक, ब्राझीलचे होझे बुस्तानी, इराकला करारात आणायच्या खटपटीत होते. आणलं असतं तर यांचे निरीक्षक तिथे गेले असते. एप्रिल २००२ मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने खास अधिवेशन भरवून त्यांना काढलं. ४८ विरुद्ध ७, आणि ४३ तटस्थ. नंतर न्यायाधिकरणाने ती बडतर्फी बेकायदा ठरवली, पण तोवर युद्ध होऊन गेलेलं.

---

सिडकोवाला

हे मला माहीत नव्हतं. ठीक आहे.

पण मग मला सांगा, अनस्कॉमने हेरगिरी केली की नाही? कारण तेच खरं असेल तर इराकने अडवलं ते बरोबरच म्हणावं लागेल.

---

रेणुका_ना

जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेच्याच वृत्तपत्रांनी छापलं की पथकाच्या आडून अमेरिकी गुप्तचरांनी इराकी संदेश ऐकण्याची यंत्रणा चालवली होती. त्याच्या जेमतेम आधी, १६ ते १९ डिसेंबर १९९८, अमेरिका आणि ब्रिटनने इराकवर बॉम्बफेक केली होती आणि निरीक्षक त्यासाठी बाहेर काढले गेले होते. ते पुढे जवळजवळ चार वर्षं परत जाऊ शकले नाहीत.

अडचण अशी की लपवाछपवी पकडायला निरीक्षकांना गुप्त माहिती हवीच असते. ती मोठ्या देशांकडूनच मिळते. आणि तो देश ती फुकट देत नाही. बदल्यात त्यालाही काही हवं असतं. रिटर त्या व्यवहाराच्या मध्यभागी होता, लपवाछपवी शोधण्याची कामं त्याच्याकडेच होती. म्हणून त्याचं बोलणं ऐकावंसं वाटतं आणि म्हणूनच ते पारखूनही घ्यावं लागतं.

पुढच्या पथकाने, ब्लिक्स यांच्या अनमोविकने, यातून धडा घेतला. तिथले निरीक्षक संयुक्त राष्ट्रांच्या पगारावर, स्वतःच्या देशाच्या नाही. माहिती घ्यायची, द्यायची नाही. २७ नोव्हेंबर २००२ ते १८ मार्च २००३ या काळात ७०० च्या वर तपासण्या केल्या. अल समूद-२ क्षेपणास्त्रांचा पल्ला १५० किलोमीटरच्या थोडा वर जातो म्हणून १ मार्चपासून ती रणगाड्यासारख्या अवजड यंत्रांखाली चिरडायला घेतली, सत्तरच्या आसपास संपवली. आणि ७ मार्चला आयएईएचे प्रमुख एल बरादेई यांनी सांगितलं की इराकने नायजरकडून युरेनियम मागितल्याचे जे कागद दाखवले जातात ते बनावट आहेत. २००० सालच्या पत्रावर ज्या परराष्ट्रमंत्र्याची सही होती त्याने ते पद १९८९ मध्येच सोडलं होतं. हे पकडायला त्यांना हेर लागले नाहीत, इंटरनेटवर शोध घेतला.

तेरा दिवसांनी युद्ध सुरू झालं. नंतर अमेरिकेने स्वतःच नेमलेल्या शोधपथकाचा अहवाल २००४ मध्ये आला, साठे नव्हते. सद्दामला इराणच्या भीतीने संशय जिवंत ठेवायचा होता, असंही त्यात आहे.

---

भटक्या_मालेगावचा

पॉपकॉर्न संपलं. धागा वाचनखुणेत टाकलाय. आता इराणचंही लिहा कुणीतरी.

---

देवळालीकर

इराणसाठी वेगळा धागा काढा, इथे नको, तो कधी संपायचा नाही.

---

गोदातीर

सगळ्यांचे आभार. आमच्या ग्रुपवर हा धागा टाकला आणि दाखवायचं ठरलं. पद्धत अशी : सुरुवातीला मी पैसे कुठून आले आणि रिटरने सिनेटपुढे काय सांगितलं होतं, ते दोन्ही आधी सांगणार, मग माहितीपट. नंतर ग्लासलाइन्डकाकांनी अर्धा तास बोलावं अशी विनंती आहे, त्या बंद पाइपपाशी उभ्या राहिलेल्या बाईंसकट.

सिडकोवाला, तुम्हीही या. विरोधी बाजू तुम्हीच मांडा.

---

सिडकोवाला

येतो. पण चार लाख डॉलरचा उल्लेख पहिल्या मिनिटात व्हायला पाहिजे, शेवटी नाही. आणि माझं मत अजून तेच आहे, ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्या मित्राचे पैसे निरीक्षकाने घेऊ नयेत. खरं बोलायचं असेल तरी.

---

ग्लासलाइन्ड

सिडकोवाल्यांशी मी याबाबतीत सहमत. म्हणूनच मिठाईचा डबा परत आला होता.

बोलायला येईन. पण कारखान्याचं नाव कोणी विचारायचं नाही, आणि माइक चांगला ठेवा, रिॲक्टरशेजारी इतकी वर्षं काढल्यावर कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.